वृद्धाश्रमात मुलांना नियमित घेऊन जायचे आहे; आरंभ कसा करावा?

प्रश्न — वाचनवर्ग, वडगाव

सर्वांना नमस्कार.

बेळगावच्या वडगाव भागात आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी मुलांचा वाचनवर्ग भरतो. आठ ते चौदा वर्षांची पंधरा-सोळा मुले येतात. त्यांतली बहुतेक मराठी माध्यमाच्या शाळांतली आहेत, तर काही कन्नड आणि इंग्रजी माध्यमाची. यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर या मुलांना शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात नियमित न्यावे, असा माझा आणि वर्गाला मदत करणाऱ्या दोन पालकांचा विचार आहे. आश्रमात सुमारे तीस वृद्ध राहतात. तेथील व्यवस्थापकांनी आनंदाने होकार दिला आणि "केव्हाही या, मुलांकडून दोन-चार गाणी म्हणून घ्या, फळे वाटा, आमच्या लोकांना बरे वाटेल," असे सांगितले. त्यांचा होकार मनापासूनचा आहे याबद्दल मला शंका नाही; परंतु गाणी आणि फळे एका भेटीत संपतात, आणि दुसऱ्या भेटीला मुलांनी तेथे जाऊन नेमके काय करायचे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

पालकांची मतेही एकसारखी नाहीत. एका वडिलांना वाटते की इतक्या लहान वयात मुलांना आजारपण आणि एकटेपणा दाखवू नये, मुले घरी येऊन उदास होतील. एका आईला आपल्या मुलीचा वाढदिवस तेथेच करायचा आहे. एकाने तर शेवटी प्रमाणपत्र मिळणार का, अशीही चौकशी केली. भाषेचा प्रश्न वेगळाच आहे: आश्रमातील निम्मे लोक मराठी बोलणारे असले तरी बैलहोंगल आणि गोकाककडील काही आजी-आजोबा केवळ कन्नड बोलतात, आणि आमच्या लहान मुलांचे कन्नड अद्याप पाठ्यपुस्तकापुरतेच आहे.

ज्यांनी असे काम केले आहे, किंवा जे अशा ठिकाणी काम करतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. किती मुले न्यावीत, किती वेळाने न्यावीत, आणि मुलांनी काय करावे व काय करू नये?

उत्तर — व्यवस्थापिका, खानापूर तालुका

ताई, आपण व्यवस्थापकांच्या होकारावर न थांबता हा प्रश्न विचारलात हे फार चांगले केलेत. मी अशाच एका संस्थेचे काम पाहते, त्यामुळे आतील बाजूने काही सांगू शकेन.

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ ऑक्टोबर आणि दिवाळीचे चार दिवस आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागलेली असते. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरवला आणि पुढच्या वर्षापासून तो पाळला जाऊ लागला. आता त्या दिवशी एका शाळेची बस बाहेर पडते न पडते तोच दुसरी आत येते. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र, जेव्हा आमच्या भागात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, अंगणात फिरणे बंद होते आणि लोक दिवसभर खाटेवर बसून असतात, तेव्हा कोणीही फिरकत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की सणाच्या दिवशी येऊ नका, आणि पावसाळ्यात येणे सोडू नका.

दुसरी गोष्ट कार्यक्रमाविषयी. पाहुणे आले की आम्हाला सर्वांना सभागृहात खुर्च्यांवर बसवावे लागते. स्वागत, प्रास्ताविक, मुलांची नृत्ये, शाल-श्रीफळ, मनोगत आणि आभार यांत दीड तास सहज जातो. ज्यांना दर अर्ध्या-पाऊण तासाने लघवीला जावे लागते, ज्यांचे गुडघे फार वेळ वाकवून ठेवले की धरतात, अशा माणसांना तो दीड तास किती जड जातो, हे टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांच्या लक्षात येणे कठीण आहे. संकोचापोटी कोणी उठत नाही. मुलांनी गावे, जरूर गावे. पण ज्याच्या शेजारी बसले आहे त्याच्यासाठी गावे, व्यासपीठावरून नको.

आता व्यवस्थेचे. पंधरा मुले एकदम आणू नका. सहा ते आठ मुलांचे दोन गट करा आणि ते आलटून-पालटून आणा, म्हणजे प्रत्येक मूल महिन्यातून एकदा किंवा दोनदा येईल. दोन मुलांनी एका आजी किंवा आजोबांकडे जायचे, आणि पुढच्या वेळीही शक्यतो त्यांच्याकडेच जायचे. पहिल्या भेटीत ओळख होते, दुसऱ्या भेटीत संकोच असतो; गप्पा म्हणाव्या अशा गप्पा तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून सुरू होतात. मुलांना नेण्यापूर्वी आपण मोठ्यांनी एकदा जाऊन प्रत्येक रहिवाशाला विचारा की मुले आलेली त्यांना हवी आहेत का. काहींना मुळीच नको असते आणि तो त्यांचा अधिकार आहे. माझ्याकडील एक आजी मुले आली की दार लावून घेतात, आणि आम्ही ते दार वाजवत नाही.

वेळ दुपारी चार ते पाच ही सर्वांत बरी. तोवर वामकुक्षी आणि चहा झालेला असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या काही व्यक्ती दिवस कलला की अस्वस्थ होतात, इकडे-तिकडे फिरू लागतात, घरी जाण्याचा हट्ट धरतात. त्यामुळे सहाच्या पुढे मुले आवारात नसावीत.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलते, कारण हा विषय संकोचाने टाळला जातो. प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या. किमान दोन मोठी माणसे कायम सोबत असावीत. कोणतेही मूल कोणत्याही खोलीत एकटे जाणार नाही, बसणे ओसरीत, अंगणात किंवा उघड्या दाराच्या खोलीत होईल, आणि स्नान, कपडे बदलणे किंवा शौचाची मदत यांच्या जवळपासही मुले नसतील, हे नियम पहिल्याच दिवशी दोन्हीकडच्यांना सांगा. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याचे संरक्षण आहे, आणि गैरप्रकार कळूनही तो न कळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. याची दुसरी बाजूही आहे. एखाद्या वृद्धाला मारहाण होते, पैसे काढून घेतले जातात, असे मुलांच्या कानावर आले, तर त्यांनी ते आपल्याला सांगावे आणि आपण १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विचारावे. मुले पुष्कळ गोष्टी ऐकतात, त्या सांगायच्या असतात हे मात्र त्यांना आधी सांगावे लागते.

वाढदिवसाबाबत त्या आईंना माझ्या वतीने नम्रपणे नाही सांगा. केक आणि फुगे घेऊन आलेल्या अनोळखी कुटुंबाच्या छायाचित्रात मागे उभे राहणे कोणालाच आवडत नाही. त्यापेक्षा मुलांनी आजोबांचा वाढदिवस शोधून काढावा. आमच्या नोंदवहीत निम्म्यांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. खरा दिवस कोणता, त्या वेळी पेरणी चालू होती की सुगी, कोणत्या गावची यात्रा जवळ आली होती, हे विचारत बसले की एक अख्खी दुपार जाते.

प्रमाणपत्र देऊ नका. छायाचित्रे मात्र ज्याचे काढायचे त्याला विचारूनच काढा. आणि आपले आई-वडील येथे आहेत हे गावात कळू नये असे काही कुटुंबांना वाटत असते, म्हणून समाजमाध्यमांवर तर टाकूच नका.

उत्तर — परिचारिका, शहापूर

व्यवस्थापिका ताईंनी सांगितलेले सर्व पटले. मी केवळ प्रकृतीच्या बाजूने भर घालते.

उतारवयात ऐकू कमी येते ते प्रथम उंच पट्टीचे आवाज, आणि मुलांचे आवाज नेमके उंच पट्टीचे असतात. त्यामुळे आजोबांना समोरच्या मोठ्या माणसाचे बोलणे कळते आणि नातवाचे कळत नाही, असे पुष्कळ घरांत दिसते. मुलांनी ओरडू नये, ओरडल्याने आवाज आणखी उंच होतो. समोर, उजेडात, चेहरा दिसेल असे बसावे, दूरदर्शन संच बंद करावा आणि थोड्या खालच्या पट्टीत सावकाश बोलावे. श्रवणयंत्र लावलेल्यांच्या कानाशी जाऊन बोलू नये.

सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे येणे किंवा अंगावर खाज असलेले मूल त्या दिवशी घरीच राहील, हा नियम कोणाच्याही भिडेखातर मोडू नका. मुलाचा तीन दिवसांत बरा होणारा फ्लू ऐंशी वर्षांच्या माणसाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो, आणि आपल्याकडे फ्लूची लाट पावसाळ्यात व पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास येते. आत जाताना आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायला लावा. खरूज अशा संस्थांत लवकर पसरते. तेथे कोणाला झाली असेल तर ती बरी होईपर्यंत भेट पुढे ढकला, यात लाजण्यासारखे काही नाही.

खाण्याचे पदार्थ आश्रमाला विचारल्याशिवाय नेऊ नका. बेळगावात प्रेम दाखवायचे म्हणजे कुंदा न्यायचा, ही आपली सवय मला ठाऊक आहे. पण त्या तीस लोकांत मधुमेही किती आहेत, हे आधी विचारा. त्याहूनही मोठा धोका घास अडकण्याचा असतो. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांना गिळताना त्रास होतो, अशा माणसाला चिवडा, शेंगदाणे किंवा करदंट (सुकामेव्याची मिठाई) कोणी प्रेमाने भरवले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. निजलेल्या माणसाला मुलांनी पाणीसुद्धा पाजू नये, तेथील सेविकेला बोलवावे. कोणाला उठवून उभे करणे, हात धरून चालवणे, ही कामेही मुलांची नव्हेत. चाकाची खुर्ची ढकलायचीच असेल तर ब्रेक कसा लावतात आणि पायटे, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्या, कसे उचलतात हे आधी शिकून घ्यावे, आणि उतारावर ती मोठ्यांनीच धरावी.

स्मृतिभ्रंशाबद्दल मुलांना जाण्यापूर्वी घरीच सांगा. "मला ओळखलंत का?" हा प्रश्न विचारायचा नाही, प्रत्येक वेळी आपले नाव आपणच सांगायचे. एखाद्या आजीने मुलीला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली तर ती दुरुस्त करत बसायचे नाही. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर चौथ्यांदा ऐकायची. "मला घरी घेऊन चल" असे कोणी म्हटले, तर मुले घाबरतात किंवा खोटे वचन देतात. अशा वेळी "तुमचे घर कसे होते, आजी?" असे विचारावे, बहुधा बोलणे परसातल्या विहिरीकडे किंवा गोठ्याकडे वळते.

उत्तर — एक वाचक, अनगोळ

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कटू वाटल्यास क्षमा असावी. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात साठीच्या पुढील लोक ९.५ टक्के होते आणि त्यांतले जवळपास सर्वजण घरीच राहतात. आपल्याच गल्लीत मुलगा-सून सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत एकटी बसलेली म्हातारी माणसे असताना, मुलांना वाहनात घालून शहराबाहेर नेण्याचे प्रयोजन काय? ज्या मुलाने शेजारच्या आजींना कधी वर्तमानपत्र वाचून दाखवलेले नाही, त्याने वृद्धाश्रमात जाऊन सेवा करणे मला तरी विसंगत वाटते.

उत्तर — निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

अनगोळकरांचा आक्षेप रास्त आहे, पण त्यातून आश्रमात जाऊ नये असे निघत नाही. गल्लीतल्या आजींना निदान रस्ता दिसतो, भाजीवाला ओरडलेला ऐकू येतो, शेजारीण डोकावते. आश्रमात सत्तरीच्या माणसांनी सत्तरीचीच माणसे पाहायची असतात. मुलांचा आवाज, त्यांचे भांडण, त्यांची चप्पल हरवणे, हे तेथे बाहेरूनच यावे लागते. दोन्ही करावे, ज्या रविवारी आश्रमाची पाळी नसेल त्या रविवारी गल्लीत जावे.

ही कल्पना जगात नवीन नाही. अमेरिकेत १९६५ पासून शासनाच्या पाठबळावर वयस्क मंडळी शाळांत आणि बालगृहांत मुलांसोबत आजी-आजोबांच्या नात्याने काम करतात, आणि टोकियोत वृद्धांचे निवासगृह व बालवाडी एकत्र चालवणारी एक संस्था कित्येक दशके नावाजलेली आहे. या दोन्ही ठिकाणी मला एक गोष्ट मोलाची वाटते: तेथे म्हातारी माणसे केवळ सेवा घेत नाहीत, त्यांच्यावर काही काम सोपवलेले असते. आपल्या मुलांनी काय करावे, या ताईंच्या प्रश्नाचे माझे उत्तर याच दिशेने आहे. मुलांना द्यायला पाठवू नका, मागायला पाठवा.

भाषेपासूनच सुरुवात करा. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना शाळेत कन्नड शिकावे लागते, आणि दहावीपर्यंत तो विषय कित्येकांच्या मानेवर बसलेला असतो. बैलहोंगलच्या अज्जांसमोर मुलाने आपले कन्नडचे पुस्तक उघडावे, चुकत-माकत धडा वाचावा आणि अज्जांनी उच्चार सुधारावेत. तुम्ही ज्याला अडचण म्हणता ते त्या गटाचे पहिले काम होऊ शकते. मी शिक्षक असताना कन्नड न येणाऱ्या मुलांना घरी शिकवणी लावण्याची पालकांची धडपड पाहिली आहे. येथे फुकट आणि रिकामा वेळ असलेला गुरू मिळतो आहे, आणि त्या गुरूला कित्येक महिन्यांत कोणी काही विचारलेले नाही. कन्नड माध्यमाच्या मुलांनी याच्या उलट मराठी आजींकडे बसावे. सीमाप्रश्नाचा विषय कधी ना कधी निघेल, कारण बेळगाव म्हैसूर राज्यात गेले तो १ नोव्हेंबर १९५६ चा दिवस आठवणारी माणसे अजून आहेत. तो निघाला तर ऐकावे. मोठ्यांनी मात्र तो स्वतःहून काढू नये. आपण तासाभराने घरी येतो, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या त्या दोघांना एकाच खोलीत राहायचे असते.

हातांना काम असले की तोंड आपोआप उघडते. फुलवाती वळणे, लसूण सोलणे, डाळ निवडणे, हार गुंफणे, वाकळ शिवताना सुईत दोरा ओवून देणे, ही कामे डोळे अधू असलेल्या आजीला आणि नऊ वर्षांच्या मुलाला मिळून छान जमतात. चौकाबाराचा पट खडूने फरशीवर आखता येतो, कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून घ्यावेत. सागरगोटे खेळायला बोटांत जोर लागतो, म्हणून आजींनी बसल्या जागेवरून नियम सांगावेत आणि मुलींनी खेळावे. नियमांवरून जे भांडण होईल ते होऊ द्यावे. वडगाव-खासबागेतील एखादे विणकर आजोबा तेथे असतील तर कांडी कशी भरतात, ताणा तुटला की गाठ कशी मारतात, हे त्यांच्याकडून मुलांनी शिकून घ्यावे. आमच्या निपाणीकडील आजी असतील तर त्यांनी तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळण्यात आयुष्य काढलेले असण्याचा संभव आहे. बोटे अजून तशीच चालतात; मुलांना विडी नको, पण त्या बोटांचा वेग कागदाच्या पट्टीवर दाखवता येतो.

आठवणी विचारायच्या असतील तर "तुमच्या लहानपणाविषयी सांगा" असा सैल प्रश्न विचारू नये, त्याला "काय सांगायचं बाळा" एवढेच उत्तर येते. प्रश्नाला ठाव हवा. बेळगावला लागूनचे शहापूर सांगली संस्थानात होते तेव्हा बेळगावात येताना काय वेगळे वाटे? गोवा मुक्तीच्या वेळी, १९६१ च्या डिसेंबरात, बेळगावच्या रस्त्यांवर काय दिसले? कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला तेव्हा कोण कोठे निजले होते? मुलांनी उत्तरे वहीत लिहावीत आणि पुढच्या भेटीत वाचून दाखवावीत. आजोबा म्हणतील, "हे असे नव्हते," आणि मग खरी गोष्ट सुरू होईल.

एक सूचना शाळेच्या वेळापत्रकाविषयी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा येतात आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत मुले मामाच्या गावाला जातात. तेव्हा भेटी थांबणार असतील तर ते जानेवारीतच तारखेसह आश्रमात सांगून ठेवा. न सांगता येणे थांबवलेत तर चार वाजता फाटकाकडे पाहत बसणारी माणसे असतात, आणि त्यांना परीक्षेचे वेळापत्रक कोणी दिलेले नसते.

उत्तर — आश्रमवासी, वय ७९

मी बेळगाव जिल्ह्यातीलच एका वृद्धाश्रमात राहतो. रेल्वेत नोकरी झाली, पत्नी वारली, मुलगा परदेशी आहे, येथे स्वतःच्या इच्छेने आलो. ही शेवटची गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण आलेला प्रत्येक पाहुणा आमच्याकडे टाकून दिलेल्या माणसांसारखे पाहतो. काहींच्या बाबतीत ते खरेही आहे. म्हणूनच "तुमची मुले कुठे असतात, भेटायला येतात का?" हा प्रश्न मुलांनी विचारू नये अशी विनंती आहे. सांगायचे असेल तर आम्ही सांगू.

मुख्याध्यापक सरांचे "मागायला पाठवा" हे मला फार आवडले. मिरज-लोंढा मार्ग मीटर गेजचा होता तेव्हा त्यावर मी काम केले आहे. इंजिनात कोळसा कसा टाकत, लोंढ्याला गाडी किती वेळ का थांबे, रूळ रुंद केल्यावर काय काय बदलले, हे मला कोणी विचारत नाही, सर्वजण मला "बरे आहात ना?" एवढेच विचारतात. बरा आहे.

मुलांना आणखी तीन गोष्टी सांगा. बुद्धिबळात आमच्याशी मुद्दाम हरू नका, ते लगेच कळते. आम्ही रागावलो तर रागावू द्या, घरच्या आजोबांना तेवढी मुभा असतेच. आणि जाताना "पुन्हा येऊ" असे म्हणायचे असेल तर वार सांगून म्हणा.

मोबाइलच्या बाबतीत मुलांची खरोखरच मदत होईल. अक्षरे मोठी करणे, आवाज वाढवणे, नातवाला व्हिडिओ कॉल लावून देणे, जुन्या गाण्यांची यादी करून ठेवणे, यासाठी आम्ही कर्मचाऱ्यांच्या मागे लागतो आणि त्यांना वेळ नसतो. बँकेचे आकडे, पिन आणि ओटीपी मात्र मुलांनी पाहू नयेत आणि आम्हीही दाखवू नयेत. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ऑनलाइन देता येतो, तरी आमच्यापैकी पुष्कळजण अजून बँकेत रांगेला उभे राहतात. मुलांसोबत येणाऱ्या पालकांपैकी कोणी त्या महिन्यात एक दुपार यासाठी दिली तर फार उपकार होतील.

उदास होण्याची भीती बाळगणाऱ्या वडिलांना माझा नमस्कार कळवा. त्यांनी स्वतः एकदा सोबत यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर — वाचनवर्ग, वडगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी पालकांच्या बैठकीत वाचून दाखवली. सात-सात, आठ-आठ मुलांचे दोन गट करायचे, प्रत्येक गटाने महिन्यातून एका रविवारी चार ते पाच या वेळेत जायचे, आणि उरलेल्या रविवारी गल्लीतील वृद्धांकडे जोडीने जायचे असे ठरले. अनगोळच्या वाचकांनी हे मनावर घेण्यास भाग पाडले हे मान्य केले पाहिजे. कन्नडच्या पुस्तकांची कल्पना मुलांना फारशी आवडली नाही, पालकांना अतिशय आवडली. प्रमाणपत्र मागणाऱ्या पालकांनी मुलाचे नाव मागे घेतले. वाढदिवस घरीच होईल. आणि ज्या वडिलांचा विरोध होता ते पहिल्या गटासोबत येत आहेत.

एकच प्रश्न उरला आहे आणि तो बैठकीत एका दहा वर्षांच्या मुलीने विचारला. पुढच्या वेळी आपण गेलो आणि आपल्या आजी तेथे नसल्या, तर? मला तिला चटकन उत्तर देता आले नाही.

उत्तर — व्यवस्थापिका, खानापूर तालुका

ताई, वर्षभर येत राहिलात तर असे होण्याची शक्यता आहे, आणि ते मुलांना आरंभीच सांगून ठेवणे योग्य. आश्रमाशी आधीच ठरवून घ्या की कोणी वारले किंवा रुग्णालयात हलवले, तर ते भेटीपूर्वी आपल्याला फोनने कळवतील. मुलाला ती बातमी आश्रमाच्या दारात, रिकामी खाट पाहून कळता कामा नये. आपण किंवा त्याच्या आई-वडिलांनी ती घरी, आदल्या दिवशी, सरळ शब्दांत सांगावी. "झोपल्या", "देवबाप्पाकडे फिरायला गेल्या" असे लहान मुलांना सांगितले की ती स्वतः झोपायला घाबरतात किंवा आजी परत कधी येणार असे विचारत राहतात. वारल्या, म्हातारपणाने किंवा आजाराने वारल्या, तुझ्यामुळे काही झालेले नाही, एवढे सांगावे. शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल. पण मागच्या भेटीत आपल्याला सर्दी होती का, आपण आजींना फार बोलायला लावले का, असे प्रश्न मुलांच्या मनात येतात आणि ती ते विचारत नाहीत.

त्या आठवड्यात येण्याची किंवा न येण्याची निवड मुलावर सोपवा. आले तर त्याला लगेच दुसऱ्या आजींची जोडी देऊ नका. आमच्याकडे अशा वेळी मूल बहुधा त्या आजींच्या शेजारच्या खाटेवरील मैत्रिणीकडे जाऊन बसते, आणि ती दोघे ज्या गप्पा मारतात त्यांत मोठ्यांनी पडू नये. मुलाच्या वहीत त्यांच्या आठवणी लिहिलेल्या असतील तर त्यांची एक प्रत आजींच्या घरच्यांना देता येते. ते घ्यायला येतील का हे आश्रमाकडून विचारून घ्या, सर्वच घरे येत नाहीत.

एक व्यावहारिक गोष्ट लिहायची राहिली. पहिल्या भेटीची तारीख धरताना आषाढी एकादशी टाळा. त्या दिवशी पुष्कळांचा उपवास असतो, सकाळपासून भजन चालते आणि चार वाजेपर्यंत सर्वजण थकून आडवे झालेले असतात. त्याच्या आधीचा रविवार धरा, आणि मुलांच्या छत्र्या व रेनकोट ठेवायला फाटकाजवळ एखादी जागा आधीच मागून घ्या, नाहीतर ओसरीवर पाणी सांडते आणि त्यावरून आमची माणसे घसरतात.